माघ-फाल्गुनांतील ट्राउट

ट्राउट माशाचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं वाचलें असेल तें एखाद्या इंग्रजी पुस्तकांत, किंवा ऐकलें असेल तें काश्मीर-कुलूची सहल करून आलेल्या स्नेह्याच्या तोंडून. हा मासा महाराष्ट्रांत नाहीं. कृष्णा-गोदावरींत नाहीं, कोंकणांतल्या नद्यांत नाहीं, महाबळेश्वराच्या थंड हवेंतही नाहीं. तो येथें कां नाहीं हें सांगितलें म्हणजे हिंवाळ्याच्या अखेरीस तो कसा वागतो, आणि त्याला गळ टाकून धरणाऱ्यानें कसें वागावें, या आजच्या विषयाचा पाया आपोआप घातला जाईल.

ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पाणी जितकें थंड, तितका त्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. शून्य अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर गोड्या पाण्यांत सुमारें १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. २० अंशांवर तो ९ मिलिग्रॅमच्या आसपास येतो आणि ३० अंशांवर साडेसातांपर्यंत उतरतो. आपला मरळ मासा वैशाखांत आटत चाललेल्या डबक्यांतही तग धरतो, कारण पाण्यावर तोंड काढून तो हवेंतला प्राणवायु घेऊं शकतो. ट्राउटला ती सोय नाहीं. पाणी २० अंशांच्या वर गेलें कीं तो कासावीस होऊं लागतो, आणि २५ अंशांच्या पुढें तो फार काळ जगत नाहीं. म्हणून भारतांत हा मासा हिमालयाच्या नद्यांत आणि दक्षिणेंत नीलगिरि व मुन्नार येथील उंच डोंगरांवर, एवढ्याच ठिकाणीं नांदतो. आणि तेथेंही तो मूळचा नव्हे, माणसानें नेऊन सोडलेला आहे.

एवढें ऐकल्यावर ऐन थंडीचे दिवस म्हणजे ट्राउटची दिवाळी असावी, असें श्रोत्यांना वाटेल. प्राणवायु भरपूर, पाणी बर्फासारखें. आणखी काय हवें? परंतु माशाला स्वतःच्या अंगची ऊब नसते. भोंवतालचें पाणी जितक्या अंशांचें, तितक्याच अंशांचें त्याचें शरीर. ट्राउटची भूक आणि वाढ चांगली चालते ती पाणी १२ ते १६ अंशांच्या दरम्यान असतां. तें ४-५ अंशांवर आलें म्हणजे त्याचें पचन मंदावतें, हालचाल मंदावते, आणि उन्हाळ्यांत एका झेपेंत माशी टिपणारा हा चपळ प्राणी डोहाच्या तळाशीं दगडाच्या आडोशाला जाऊन बसतो. आवक घटलेला दुकानदार जसा दिवाबत्तीपासून सगळा खर्च आवरतो, तसें त्याचें चालतें. तोंडाजवळून कांहीं वाहत गेलें तर तो तें घेतो. दोन हातांवरून गेलें तर त्यासाठीं उठत नाहीं. उठण्यांत जितकी शक्ति खर्च व्हावयाची, तितकी त्या घांसांतून परत मिळेल अशी त्याला खात्री नसते.

आतां हिंवाळ्याच्या अखेरीस ट्राउट धरावयाचा म्हणजे नेमका केव्हां? हिमाचल प्रदेशांत ट्राउटच्या नद्यांवर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीस बंदी असते. १ मार्चला परवाने घेऊन हौशी लोक नदीवर येतात. काश्मिरांत हंगाम एप्रिलमध्यें सुरू होतो. स्कॉटलंडमध्यें १५ मार्च हा दिवस कायद्यानें ठरलेला आहे. ही प्रथा आजची नव्हे. इंग्रजी भाषेंत गळाच्या मासेमारीवर जें पहिलें पुस्तक १४९६ सालीं छापलें गेलें, त्यांत गळाला बांधावयाच्या बारा कृत्रिम माश्यांची महिनेवार यादी आहे, आणि ती यादी मार्चपासूनच सुरू होते. म्हणजे पांचशें वर्षांपूर्वींही जानेवारी-फेब्रुवारींत नदीवर जाऊन कांहीं हातीं लागत नाहीं, हें मच्छीमारांना ठाऊक होतें.

याला अपवाद आहेत. अमेरिकेंत न्यू मेक्सिको प्रांतांत नॅव्हाहो नांवाचें मोठें धरण आहे. त्याच्या खालीं सॅन व्हान नदींत भर हिंवाळ्यांत ट्राउट धरतात. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असतें. त्यामुळें खोल जलाशयाच्या तळचें पाणी वरच्या हवेबरोबर गोठत नाहीं कीं तापत नाहीं, आणि धरणाच्या तळांतून सुटणारी नदी बारा महिने जवळजवळ एकाच थंडाव्याची राहते. अशा ठिकाणीं हिंवाळ्यांतही चिलटें उडतात व मासे खातात. पण हिमालयांतल्या मोकळ्या नद्यांची गोष्ट निराळी.

बंदीचें कारण मासा मंद असतो हें नव्हे. मंद मासा धरावयास उलट कठीण. कारण आहे तें नदीच्या तळाच्या खडींत. आपल्या कोंकणांत पहिल्या पावसाला वलगणीचे मासे चढतात, तेव्हां पोटांत गाभोळी भरलेली मादी आपण आनंदानें धरतों. आणि दुसरीकडे आपलेच कोळी बांधव नारळी पौर्णिमा होईपर्यंत होडी समुद्रांत घालीत नाहींत. दोन्ही रीती आपल्याच, आणि त्या एकमेकींच्या अगदीं विरुद्ध. ट्राउटच्या बाबतींत कायद्यानें नारळी पौर्णिमेची बाजू घेतली आहे, एवढेंच.

हिमालयांतल्या नद्यांत जो ट्राउट स्वतःची प्रजा वाढवून टिकला आहे तो तपकिरी ट्राउट. इंद्रधनुषी ट्राउट बहुतांशीं मत्स्यशाळांतून वाढविला जातो. तपकिरी ट्राउटची मादी हिंवाळ्याच्या तोंडाशीं, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, डोह संपून पाणी पुन्हां वेग घेतें अशा उथळ जागीं येते. तेथें अंगावर वळून शेपटीच्या फटकाऱ्यांनीं ती खडींत खळगा करते, त्यांत अंडीं सोडते, आणि नरानें तीं फळविल्यावर वरच्या बाजूची खडी उडवून तीं झांकते. एक किलो वजनाची मादी सुमारें दीड-दोन हजार अंडीं घालते. अंडें भिजलेल्या साबुदाण्याएवढें, किंचित् नारिंगी रंगाचें. त्यावर सुमारें वीतभर खडीचें पांघरूण. खडीच्या फटींतून थंड पाणी सतत झिरपत राहिलें तर अंडें जगतें. फटी गाळानें बुजल्या तर तें गुदमरून मरतें. डोंगरांत रस्ता करतांना उकरलेली माती नदींत लोटून देतात, तिचा खरा बळी हा असतो. पण तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

यापुढची गोष्ट मला स्वतःला फार नवलाची वाटते. आईच्या पोटांतल्या मुलाचा हिशेब महिन्यांनीं होतो. ट्राउटच्या अंड्याचा हिशेब होतो तो उष्णतेनें. पाणी १० अंशांचें असेल तर अंडें सुमारें सहा आठवड्यांत फुटतें. पाणी ५ अंशांचें असेल तर त्याला सुमारें तीन महिने लागतात. फुटल्यावरही पिलूं लगेच बाहेर येत नाहीं. त्याच्या पोटाशीं शिदोरीची एक पिशवी असते. ती पुरेपर्यंत तें खडीच्या अंधारांतच राहतें, आणि ५ अंशांच्या पाण्यांत ती सुमारें दोन महिने पुरते. आतां हा हिशेब पंचांगाशीं जुळवून पाहूं. नोव्हेंबरच्या अखेरीस घातलेलें अंडें, पाणी सरासरी ५ अंशांचें धरलें तर, फेब्रुवारीच्या अखेरीस फुटेल. आणि पिलूं खडींतून वर येईल तें एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे ज्या १ मार्चला कायदा नदी मोकळी करतो, नेमक्या त्याच सुमारास अंडीं फुटत असतात, आणि नुकतीं जन्मलेलीं पिलें खडीखालीं पोटाशीं शिदोरी घेऊन निजलेलीं असतात.

अंड्याच्या या स्वभावावरच भारतांतल्या ट्राउटचा सारा इतिहास उभा आहे. अंडीं घातल्यावर कांहीं काळानें तीं फार नाजूक होतात. थोडासा धक्का बसला तरी मरतात. पण पुढें आंतल्या जीवाचे डोळे दोन काळ्या ठिपक्यांसारखे बाहेरून दिसूं लागले कीं तींच अंडीं चिवट होतात, आणि गार ओलाव्यांत ठेविलीं तर लांबचा प्रवास सोसतात. १८६४ च्या जानेवारींत ‘नॉरफोक’ नांवाचें जहाज इंग्लंडहून निघालें, त्यावर शेवाळांत गुंडाळलेलीं अंडीं बर्फाखालीं पेट्यांत ठेविलीं होतीं. एप्रिलच्या मध्यास तें मेलबर्नला पोंचलें, आणि तेथून टास्मानियांत नेलेल्या अंड्यांतून दक्षिण गोलार्धांतले पहिले ट्राउट जन्मले. काश्मीरला पहिली खेप १८९९ सालीं ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्याकडून भेटीदाखल निघाली. ती वाटेंतच मेली. दुसरी खेप स्कॉटलंडहून आली ती १९०० सालच्या हिंवाळ्यांत, आणि ती जगली. श्रीनगरांत गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या फ्रँक मिचेल या गृहस्थानें त्या पिलांची जोपासना करण्यांत पुढाकार घेतला. तेथून १९०९ सालीं हॉवेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें डोळे फुटलेलीं अंडीं कुलूंत आणविलीं. आज बियास व तिच्या उपनद्यांत, तीर्थन नदींत, बरोटजवळच्या ऊहल नदींत जो तपकिरी ट्राउट पोहतो, त्याची वंशावळ अशी एका थंड पेटीपाशीं जाऊन पोंचते.

डोळे फुटलेलें अंडें चिवट असतें खरें, पण फुटण्याच्या वेळीं त्याचें कवच मऊ पडतें आणि तें पुन्हां नाजूक होतें. येथें मच्छीमाराच्या पायाचा संबंध येतो. ट्राउट धरणारा हौशी माणूस कमरेपर्यंत येणारे रबरी बूट घालून नदींत उतरतो. त्याच्या पायाखालीं काय घडतें याचा प्रयोग अमेरिकेंत मोंटाना येथें झाला, आणि १९९२ सालीं तो प्रसिद्ध झाला. अंडीं फुटण्याच्या थोडें अगोदर त्या खडीवरून माणूस एकदांच चालून गेला, तर शेंकडा ४३ पर्यंत अंडीं मरतात, असें त्यांत आढळलें. पिलें वर येईपर्यंतच्या साऱ्या काळांत रोज दोनदां चालत राहिलें, तर नाश शेंकडा ९६ पर्यंत जातो. गळाला दिवसभरांत एक मासा लागला नाहीं म्हणून खट्टू होऊन परतणाऱ्या माणसानें नदीचें कांहींच नुकसान केलें नाहीं, असें मानण्याची आपली पद्धत आहे. त्याची टोपली रिकामी असते, पण त्याच्या बुटांचा हिशेब कोणी घेत नाहीं.

म्हणून १ मार्च या तारखेबद्दल माझें मत थोडें निराळें आहे. कायद्याला एक तारीख हवी असते, हें मी समजूं शकतों. पण नदी एकच नसते. कुलूच्या खालच्या खोऱ्यांतलें पाणी आणि तीर्थनच्या उगमाकडचें, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानांतून येणारें पाणी, यांत अंशांचा फरक असतो; आणि वर सांगितलेल्या हिशेबांत एकेक अंशाचे आठवडे होतात. काश्मिरानें एप्रिल धरला आहे तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. हिमाचलांतही उंचावरच्या पाण्यांना तीच तारीख लावली तर हौशी माणसाचे तीस दिवस जातील, आणि खडीखालच्या पिलांना अवघडांतला अवघड काळ निर्वेध मिळेल. तोंवर निदान एवढें तरी व्हावें: मार्चमध्यें गळ टाकावयाचा तो कांठावरून, पाण्यांत पाऊल घालूं नये. 

यावर एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो वजनदार आहे. ट्राउट हा परका, शिवाय मांसाहारी. जगांतल्या अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जातींच्या एका प्रसिद्ध यादींत तपकिरी व इंद्रधनुषी या दोन्ही ट्राउटांचीं नांवें आहेत. हिमालयाचा मूळ रहिवासी म्हणजे ज्याला कुमाऊंत असला व हिमाचलांत गुगली म्हणतात तो मासा. इंग्रजांनीं त्याला हिम-ट्राउट असें नांव दिलें, पण तो ट्राउट नव्हेच. तो आपल्या रोहू-कटल्याच्या गोतांतला आहे. आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते, आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत ट्राउटचेंही नांव घेतलें जातें. मग या आगंतुकाच्या अंड्यांची एवढी काळजी कशाला? माझें उत्तर असें कीं ट्राउट नव्यानें कोठेंही सोडूं नये, हें मला पूर्ण मान्य आहे. परंतु जेथें तो शंभराहून अधिक वर्षें रुजला आहे, तेथें परवान्याचे पैसे देऊन येणारा माणूस त्याच्यासाठीं येतो, दऱ्याखोऱ्यांतलीं कित्येक घरें त्या पाहुण्यावर चालतात, आणि नदींत पाणी राहावें म्हणून भांडणारा तोही एक असतो. शिवाय बुटाखालीं चिरडतात तीं नुसतीं ट्राउटचीं पिलें नव्हेत. ज्या जलकीटकांवर सगळी नदी जगते तेही त्याच खडींत असतात.

पाणी राहावें म्हणून भांडण, असें मी म्हटलें. हिमालयांतल्या नद्या पावसाळ्यांत दगड वाहून नेतात, पण माघांत त्या अगदीं रोड झालेल्या असतात. वर बर्फ गोठलेलें, पाऊस नाहीं. नदी चालते ती झऱ्यांच्या ओलाव्यावर. अंडीं मात्र ह्याच दिवसांत खडींत असतात. वीज उत्पन्न करण्यासाठीं नदी बोगद्यांत वळविली, तर मधला पट्टा कोरडा पडतो तो याच वेळीं. बरोट येथें ऊहल नदीचें पाणी बोगद्यांतून वळवून जोगिंदरनगरजवळच्या शानन वीजघराकडे नेलेलें आहे. तें वीजघर १९३३ पासून चालू आहे, आणि त्याच्या बांधणीसाठीं डोंगरावर घातलेली ट्रॉलीची वाट प्रवाशांना मोठ्या कौतुकानें दाखवितात. हिमाचल सरकारनें पुढें नियम केला कीं कमी पाण्याच्या दिवसांत निदान शेंकडा १५ प्रवाह नदींत सोडलाच पाहिजे. पंधरा हा आंकडा अंड्यांना विचारून ठरविलेला नाहीं, हें उघड आहे. पण कांहींच नसण्यापेक्षां तो बरा. 

आतां प्रत्यक्ष गळाकडे वळूं. सुदैवानें येथें मच्छीमाराचा स्वार्थ आणि नदीचें हित एकाच बाजूला आहेत. अंडीं असतात तीं डोहाच्या शेपटाकडे, उथळ खडींत. आणि या दिवसांतला मोठा मासा असतो तो डोहाच्या पोटांत, खोल व संथ पाण्यांत. तेव्हां मासा धरण्यासाठीं खडींत उतरण्याची गरजच नाहीं. नोव्हेंबरांत मादीनें उकरलेली जागा स्वच्छ, फिक्या रंगाची व लांबट गोल अशी वेगळी दिसते. फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर शेवाळाचा पातळ थर चढून ती भोंवतालच्या तळासारखीच होते. म्हणून ओळखून टाळण्याच्या भानगडींत पडूं नये. सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराची खडी दिसली, कीं तेथें अंडीं आहेत असेंच धरून चालावें.

वेळ कोणती? उन्हाळ्यांत ट्राउटसाठीं पहांटे उठावें लागतें. फाल्गुनांत तसें नाहीं. हा आळशी माणसाचा हंगाम आहे. सूर्य डोंगरामागून वर येऊन पाण्याला त्याची थोडी ऊब लागेपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत, चहा घेत बसावें. पाणी एका अंशानें चढलें तरी माशाची भूक जागी होते. अकरा ते दोन-अडीच, हीच काय ती वेळ. निवाऱ्याच्या जागीं उन्हाच्या तिरिपेंत बारीक चिलटांचा थवा पाण्यावर नाचूं लागला, तर समजावें कीं तळाशीं असलेले त्यांचे डिंभ वर सुटूं लागले आहेत, आणि मासा तोंड उघडील.

ट्राउटला धरण्याची खरी रीत म्हणजे पिसें, लोकर व दोरा यांनीं गळावर बांधलेली कृत्रिम माशी. माशीनें मासा धरावयाचा, असा हा खेळ. उन्हाळ्यांत ती माशी पाण्यावर तरंगविण्यांत मौज असते, पण या दिवसांत तरंगणाऱ्या माशीकडे क्वचितच कोणी ढुंकून पाहतो. आतां लागतें तें डिंभाचें सोंग, आणि तेंही लहान. गळाच्या मापाचा एक उलटा हिशेब आहे. आंकडा जितका मोठा, तितका गळ लहान. फाल्गुनांत अठरा ते बावीस या आंकड्यांचे गळ वापरावे. बावीस आंकड्याचा गळ नखावर ठेवला तर निम्मेंही नख झांकत नाहीं. त्याच्या वर वीतभर अंतरावर कणभर वजन लावावें, म्हणजे तो तळाशीं जाईल. सूत शक्य तितकें बारीक घ्यावें, कारण या दिवसांतलें पाणी काचेसारखें असतें.

निवळ पाण्यांत मच्छीमार दिसतो. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचें सारें जग सुमारें ९७ अंशांच्या एका गोल खिडकींतून दिसतें. मासा एक मीटर खोल असेल तर ती खिडकी सुमारें सव्वादोन मीटर व्यासाची असते. खिडकीच्या कडेशीं प्रतिमा दबलेली व पुसट असते. म्हणून जो माणूस वाकून, कांठापासून दूर राहतो, तो माशाच्या दृष्टीनें जवळजवळ नसतोच; आणि जो ताठ उभा राहून कांठावर आपली सावली पाडतो, त्यानें सरळ घरीं जावें. मासा प्रवाहाकडे तोंड करून बसतो, तेव्हां त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूनें जावें हें ओघानेंच आलें.

गळ टाकावयाचा तो डोहाच्या वरच्या तोंडाशीं, आणि पाण्याच्याच वेगानें त्याला तळावरून वाहूं द्यावयाचा. हात शिवशिवतात, पण ओढावयाचें नाहीं. सुताचा ताण पडून सोंग पाण्यापेक्षां किंचितही वेगानें किंवा हळू चाललें, तर मंद मासासुद्धां तें खोटें म्हणून ओळखतो. एका ओळींतून दहा वेळां गळ गेला आणि कांहीं झालें नाहीं, तर हातभर पलीकडे दुसरी ओळ धरावी. उन्हाळ्यांत मासा गळाकडे येतो. आतां गळ माशाच्या ओठापाशीं नेऊन ठेवावा लागतो. आणि घेतलाच तरी तो झटका देत नाहीं. सूत वाहतां वाहतां क्षणभर थबकतें, एवढेंच. दगडाला अडकलें असें वाटतें. दहांत नऊ वेळां तो दगडच असतो. दहाव्या वेळेसाठीं मनगट हलकेंच उचलावें.

मासा लागला म्हणजे त्याच्याकडे नीट पाहावें. विणीच्या श्रमानें तो खंगलेला असतो. डोकें मोठें, पोट आंत गेलेलें, रंग काळवंडलेला. त्याचें मांस या दिवसांत पाणचट असतें. खवय्याच्या दृष्टीनेंही तो मारण्याच्या लायकीचा नसतो. जेवणासाठीं ट्राउट हवाच असेल, तर पतलीकुहलसारख्या सरकारी मत्स्यशाळेंत किंवा आसपासच्या खासगी तळ्यांत इंद्रधनुषी ट्राउट मिळतो, आणि तो चांगला पोसलेला असतो. नदींतला मासा हात ओले करून पाण्यांतच धरावा, पाण्यांतच गळ काढावा. हवा शून्य अंशाखालीं असेल तर त्याला वर उचलून धरूं नये, कारण कल्ल्यांचे नाजूक तंतु ओले असतात आणि थंड हवेंत ते क्षणांत गोठतात. छायाचित्राचा मोह होतो. तो आवरावा. माशाला वरच्या दिशेकडे तोंड करून हातांत सैल धरावें. शेपटी हलूं लागली कीं तो आपण होऊन निघून जातो.

दोन-अडीचनंतर एक चमत्कार होतो, आणि नवख्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाहीं. ऊन चांगलें तापलेलें असतें, अंगांतला कोट काढावासा वाटतो, आणि नेमका त्याच वेळीं मासा खाणें बंद करतो. वरच्या डोंगरांत दुपारच्या उन्हानें बर्फ वितळूं लागलेलें असतें. तें पाणी आतां खालीं पोंचतें. कांठावरचा एखादा ओळखीचा दगड बोटभर बुडतो, पाण्याला किंचित् दुधट छटा येते, आणि उष्णतामापक बुडवून पाहिला तर सकाळीं चढलेला अंश पुन्हां उतरलेला असतो. चिलटें नाहींशीं होतात. मग सूत गुंडाळून काठी मोडून ठेवावी. रात्रीं वर पुन्हां गोठतें, आणि दुसऱ्या दिवशीं अकरापर्यंत पाणी उतरून निवळ झालेलें असतें.